शोभेची फळझुडपे (रायपूर परिसर)

फुलांइतकीच रंगीत फळांसाठी बागेत लावली जाणारी झुडपे. रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिर आणि दूधाधारी मठाच्या भोवतीच्या दाट वस्तीत, बागेला जागा बेताचीच: परसाचा कोपरा, कुंपणाची कड किंवा गच्चीवरची मोठी कुंडी. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, मग पावसाची झोड उठते. हे दोन्ही सोसून फळांनी लगडणारे झुडूप म्हणजे करवंद.

करवंद (कॅरिसा कॅरँडस) येथे करौंदा म्हणून ओळखतात. उंची २ ते ४ मीटर, काटे टोकदार, चीक पांढरा. भाठा या मुरमाड, हलक्या जमिनीतही ते तग धरते. कन्हार या काळ्या जमिनीत मात्र पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून उंचवटा करून लावावे. फेब्रुवारीपासून सुवासिक पांढरी फुले येतात, फळे पावसाळ्यात. कोकणातली ‘डोंगरची काळी मैना’ उन्हाळ्यातच पिकते. ती आणि हे बागेतले करवंद एकाच जातीचे मानावे का, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शोभेसाठी पंतनगरचे ‘पंत मनोहर’ आणि ‘पंत सुदर्शन’ हे वाण सर्वांत देखणे: पांढऱ्या फळावर गुलाबी झाक. फळांचे लोणचे उत्तम होते. पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही.

बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पिकल्या फळातून काढताच त्या पेराव्यात. रोपाला साधारण तिसऱ्या वर्षी फळ धरते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, पुढे फारसे लागत नाही. छाटणी फळे उतरल्यावर एकदाच करावी. वर्षभर कात्री चालवून कुंपण सपाट ठेवण्याची हौस फुलोऱ्याच्या मुळावर येते, आणि फळांविना करवंदाचे निम्मे सौंदर्य जाते.

कुंती (कामिनी) : लालचुटुक फळे. संत्रा-मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरवणाऱ्या सिट्रस सायला किडीला आश्रय देते. घरात लिंबाचे झाड असल्यास टाळावी.

घाणेरी : शोभेसाठी भारतात आणलेली अमेरिकी वनस्पती, आता जंगलांवरचे संकट. लावू नये.

दुरंता : पिवळ्या फळांचे घोस आकर्षक, पण विषारी. लहान मुले असलेल्या घरी लावू नये.