जुनी रिओहा चाखताना

वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज सर्वत्र आढळतो. मात्र तो अर्धसत्य आहे. जगातील बहुतांश वाइन काही वर्षांतच प्यायच्या असतात. अनेक दशके टिकणाऱ्या मोजक्या रेड वाइनमध्ये स्पेनच्या रिओहा प्रांतातील वाइनची गणना होते. अशी बाटली एकदाच उघडता येते. म्हणूनच ती कशी उघडावी आणि तिच्यात काय शोधावे, हे आधी जाणून घेणे हिताचे ठरते.

रिओहा हा उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यातील प्रदेश. येथील मुख्य द्राक्ष म्हणजे तेम्प्रानियो. ते लवकर पिकते आणि 'लवकर' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. त्याच्या जोडीला गार्नाचा, ग्रासियानो व मासुएलो ही द्राक्षेही वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मार्केस दे रिस्काल (स्थापना १८५८) यांसारख्या वायनरींनी ओकच्या पिंपांत वाइन मुरवण्याची बोर्दोची पद्धत येथे आणली. पुढे फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तेथील व्यापारी रिओहाकडे वळले आणि या वाइनला मोठी बाजारपेठ लाभली. आरो या गावी १८७७ मध्ये सुरू झालेली लोपेझ दे एरेदिया ही वायनरी आजही जुन्या पद्धतीसाठी ओळखली जाते.

रिओहाच्या रेड वाइनची प्रतवारी मुरण्याच्या काळावर ठरते. 'क्रियांझा' किमान दोन वर्षे, 'रेसेर्वा' तीन, तर 'ग्रान रेसेर्वा' पाच वर्षे मुरवावी लागते. त्यांपैकी ग्रान रेसेर्वाची किमान दोन वर्षे पिंपात जातात. परंपरेने २२५ लिटरची अमेरिकन ओकची पिंपे वापरली जातात. व्हॅनिला आणि खोबऱ्याचा हलका गंध येतो तो त्यांतूनच. १९६४ चा हंगाम येथे सर्वोत्कृष्ट मानला जातो व त्या वर्षीच्या चांगल्या वाइनने अर्धशतक सहज ओलांडले आहे.

बाटली उघडण्यापूर्वी एक-दोन दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. वाइनची पातळी बाटलीच्या खांद्याच्या बरीच खाली गेली असेल, तर आत हवा शिरल्याची शंका घ्यावी. जुने बूच ठिसूळ झालेले असते; मळसूत्राने ते तुटण्याचा संभव असल्याने दोन पातळ पात्यांचे साधन अधिक सोयीचे. वाइन सावकाश ओतावी आणि गाळ मानेपर्यंत येताच थांबावे. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा. तरुण वाइनचा माणकासारखा लाल रंग काळाबरोबर विटकरी होतो, कडा नारिंगी-तपकिरी दिसते. ताज्या फळांचा गंध मागे पडून सुके अंजीर, कातडे, तंबाखू, अळंबी आणि ओली माती यांची आठवण येते. टॅनिनचे कण एकमेकांना जुळून गाळाच्या रूपाने खाली बसतात आणि तुरटपणा मऊ होतो. वाइनला उभारी देते ती टिकून राहिलेली आंबट चव. ओलसर पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा. व्हिनेगरसारखा उग्र दर्प आला तर वाइन संपली असे समजावे.

फार जुनी वाइन तासन्‌तास हवेवर ठेवू नये. तिचा गंध काही वेळा अर्ध्या तासातच विरून जातो. म्हणून पहिला घोट लगेच घ्यावा आणि पुढचे बदल ग्लासातच अनुभवावेत.

एक सावधगिरी महाराष्ट्रातील वाचकांसाठी. येथील उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, बिघडते. सुमारे १२ ते १४ अंशांचे स्थिर तापमान, अंधार आणि आडवी ठेवण्याची सोय नसेल, तर दशकांची वाट पाहण्यात अर्थ नाही. वाइनचे वय लेबलावर वाचता येते. ते वय तिने कसे काढले, हे मात्र पहिल्या घोटालाच कळते.