बाजूच्या सीटवरचा बाप

शेजाऱ्याची पंधरा वर्षांची मुलगी सध्या गाडी शिकते आहे. म्हणजे गाडी मुलगी चालवते आणि बाप बाजूच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबतो. घरी आल्यावर फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात तारीख, किती वेळ, दिवसा की रात्री, सगळं लिहायचं. इथे मिशिगनमध्ये नियमच आहे: आईवडिलांसोबत (किंवा त्यांनी नेमलेल्या मोठ्या माणसासोबत) किमान ५० तास, त्यातले १० रात्रीचे. खाली आईबापांची सही.

मी आपल्याकडे मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मारुतीत पंधरा दिवसांत 'तयार' झालो होतो. क्लच-ब्रेक मास्तरांच्या पायाखालीही होते, त्यामुळे गाडी नक्की कोण चालवत होतं हा प्रश्नच आहे. असो. तो तक्ता पाहून मला आधी वाटलं, अमेरिकन लोकांची कागदपत्रांची हौस. पण त्यामागचा इतिहास वाचला आणि मत बदललं.

सुरुवात झाली ती एका इंजिनिअरपासूनच. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी एमस नेहार्ट नावाचे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. १९३४ साली त्यांनी तिथल्या हायस्कूलच्या मुलांना स्वतःच्या ग्रॅहम-पेज गाडीवर शिकवायला घेतलं. शाळेत रस्त्यावरची ड्रायव्हिंग शिकवण्याची अमेरिकेतली सुरुवात तिथून धरतात. विचार सरळ होता: अपघात होतात कारण येत नाही, तेव्हा नीट शिकवा. पुढे देशभरातल्या हायस्कुलांत हा विषय आला. मीही त्या काळी असतो तर हेच म्हटलं असतं.

पण खरंच उपयोग होतो का, हे तपासायला जॉर्जियातल्या डीकाल्ब काउंटीत १९७० च्या दशकाच्या शेवटी एक भला मोठा प्रयोग झाला. सुमारे १६,००० मुलं आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले तीन गट. एका गटाला सुमारे ७० तासांचा राजेशाही अभ्यासक्रम: वर्ग, सिम्युलेटर, बंद मैदानावरचा सराव, अपघात टाळायच्या युक्त्या. दुसऱ्याला लायसन्सपुरतं जुजबी शिक्षण. तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही, घरी शिका नाहीतर बाहेर. निकाल असा, की उत्तम शिकवलेल्या गटाचा फायदा पहिल्या काही महिन्यांत थोडाफार दिसला आणि मग विरून गेला. वर गंमत म्हणजे शिकलेल्या मुलांनी लायसन्स लवकर काढलं, म्हणजे लवकर रस्त्यावर आली. झाला हिशेब बरोबरीचा! प्रयोगशाळेत असा निकाल लागला की आम्ही आधी उपकरण तपासतो. इथे गृहीतकच चुकलं होतं.

गाडी वळवता येणं आणि समोरचा काय करील याचा अंदाज येणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी फक्त तासांनी येते, आणि ते तास जिवावर न बेतता मिळायला हवेत. मोठं माणूस शेजारी असताना शिकाऊ मुलांचे अपघात फार कमी होतात. सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे एकटं चालवायला लागल्यानंतरचे पहिले काही महिने. त्यातही रात्र, आणि गाडीत मित्रमंडळी. नॉर्थ कॅरोलिनातल्या पॅट्रिशिया वॉलर यांनी १९७० च्या दशकातच सुचवलं होतं, की लायसन्स एकदम देऊच नका, पायरीपायरीने द्या. आधी न्यूझीलंडने १९८७ मध्ये ते केलं, मग १९९६ मध्ये फ्लोरिडाने आणि १९९७ मध्ये मिशिगनने. इथे १९९६ च्या तुलनेत १९९९ मध्ये सोळा वर्षांच्या मुलांचे अपघात सुमारे २५ टक्क्यांनी घटले. त्यातला काही भाग मुलं कमी चालवू लागली म्हणूनचा असणार, पण मला त्यात वावगं काही दिसत नाही. वाचलेलं पोर वाचलेलंच.

२०११ पासून दुसऱ्या पायरीवर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी नाही, आणि सोबत एकवीसच्या आतला एकच जण (कामावर जाणं, घरची भावंडं वगैरे अपवाद सोडून). रात्री दहा वाजता दारात पोलीस थोडाच उभा असतो? किल्ली कुठे टांगली आहे हे आईलाच माहीत असतं.

शेजाऱ्यांच्या तक्त्यावर ३१ तास झालेत. रात्रीचा रकाना अजून बराचसा रिकामा आहे. परवा संध्याकाळी बर्फ पडायला लागला तेव्हा सगळे गाड्या आत घेत होते, आणि ही बापलेक मुद्दाम बाहेर पडली. तासाभराने परत आली. मुलगी हसत होती. बाप गाडीतून उतरल्यावर थोडा वेळ नुसताच उभा राहिला.