राजी : ॲन एन्शंट एपिक
पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने घडवलेला साहसप्रधान व्हिडिओगेम. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रथम निन्टेंडो स्विचवर आला; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे स्टुडिओचे संस्थापक. सुपर डॉट कॉम ही प्रकाशक कंपनी पाठीशी उभी राहण्याआधी, २०१७ मध्ये, त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागून पाहिली होती. ठरवलेली रक्कम जमली नाही, पण काम थांबले नाही.

कथा सरळ आहे. राजी ही खेळतमाशात कसरती करणारी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि देव तिच्या पाठीशी उभे राहतात. दुर्गेचा त्रिशूळ, पुढे धनुष्य आणि ढाल-तलवार हाती घेऊन ती महाबलासुराच्या मागावर निघते. तिच्या प्रवासावर दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत राहतात; निवेदनाची ही युक्ती फार छान जमली आहे. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दाखवले आहेत. संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे.

घराणे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे. जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी तो खेळ रचला, तेव्हा धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून एकेक हालचाल गिरवली होती. राजीही भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावते. लढाया मात्र पुढेपुढे एकसुरी होतात. या खेळाचे खरे बळ त्याच्या वास्तूंत आहे. कॅमेरा दूर, उंचावर राहतो. तटबंदी, जाळ्या, पाण्यात उभे महाल यांच्यापुढे राजी इवलीशी दिसते. रंग हाताने भरल्यासारखे आहेत. मंडलाची फिरती वर्तुळे जुळवली की भावंडांचा भूतकाळ चित्रातून उलगडतो.

या वास्तूंवर ठसा आहे तो राजस्थानचा. स्टुडिओच्याच जिल्ह्यात जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत, नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आणि दगडी रांजण आहे; असल्या खेळाला याहून चांगली रंगभूमी कोणती! पण ‘राजी’ तिकडे वळत नाही.

समीक्षकांनी चित्रशैलीचे कौतुक केले. लांबी कमी असल्याची आणि शेवट अधांतरी सोडल्याची तक्रारही केली, आणि ती रास्त आहे. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन होते, पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ने नेला. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाईची घडण बदलली आणि पात्रे हिंदीत बोलू लागली. आधीच्या इंग्रजी आवाजांपेक्षा ती कानाला अधिक खरी वाटतात.