कोळप्याने नेमके काय वाचवले?

‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे आपल्याकडे म्हणतात. पिकाच्या दोन ओळींमधून कोळपे फिरवले की वरचा इंच-दोन इंच थर भुसभुशीत होतो आणि पिकाला अर्धी पाळी दिल्याइतका लाभ होतो, असा तिचा अर्थ. म्हण अनुभवाची आहे. पण तिचे जे शास्त्रीय स्पष्टीकरण अनेक वर्षे वर्गात सांगितले गेले (मीही ते पाठ केले होते), ते बरेचसे चुकीचे निघाले.

हे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विस्कॉन्सिनचे एफ. एच. किंग यांनी लोकप्रिय केले. दिव्याच्या वातीतून तेल चढते, तसे मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून खोलवरचे पाणी पृष्ठभागापर्यंत चढते आणि उडून जाते. वरचा थर मोकळा केला की वात तुटते. म्हणजे धुळीचा थर हेच जमिनीचे आच्छादन! कल्पना इतकी सुटसुटीत होती की ती जगभर पसरली.

पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली मुंबई सरकारने कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू केले, तेव्हा हीच कल्पना प्रचलित होती. पुढे १९३३च्या सुमारास सोलापूर, विजापूर येथेही केंद्रे निघाली. या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ तयार झाली: बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी. एन. व्ही. कानिटकर यांनी १९४४ साली या अनुभवावर ग्रंथ लिहिला. पद्धतीने उत्पन्न वाढले, पण फार मोठे नाही.

दरम्यान १९२७ साली कॅलिफोर्नियात फ्रँक व्हीमायर यांनी किंग यांच्या वातीची परीक्षा घेतली. मातीने भरलेल्या टाक्यांपैकी काहींचा पृष्ठभाग त्यांनी वेगवेगळ्या खोलीपर्यंत खणला, काहींचा तसाच ठेवला. तण कुठेच नव्हते. वजने केली तेव्हा पाण्याच्या नाशात म्हणण्यासारखा फरक दिसेना. कारण असे, की भूजल खोल असेल तर वरची माती लवकरच आपोआप सुकते आणि सुकलेल्या मातीतून पाणी फारच सावकाश चढते. वात आपली आपणच तुटते! पाणी भराभर जाते ते तणांच्या मुळांवाटे. खोल ओलावा शोषून पानांतून हवेत सोडणारे ते जिवंत पंपच होत.

म्हणजे कोळप्याने पाणी वाचवले ते मुख्यतः तण कापून. आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक काम होते. ती सुकताना भेगाळते, भेगांच्या भिंतींतूनही ओल जाते आणि कोळप्याची माती त्या भेगा बुजवते. सोलापूरचा शेतकरी यासाठी कोळपे चालवत असेल, तर त्याचे कारण किंगच्या कारणापेक्षा पक्के होते.

एवढे कळल्यावर बागेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. धुळीचा थर तण थोपवत नाही, उलट पुरलेले बी वर आणतो. वाळलेल्या पानांचा तीन-चार इंच थर मात्र पाण्याची वाफ अडवतो आणि अंधारही करतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे १९५२ साली सलाडच्या बियांवर झालेल्या प्रयोगांनी दाखवले, की लाल प्रकाशाने बी रुजते. अनेक बारीक तणबियांना असा प्रकाशाचा इशारा लागतो. ज्याची भारतातील पहिली ठळक नोंद १९५६ साली पुण्यातूनच झाली, त्या गाजरगवताचे बीही इवलेसे असते. जाड थराखाली त्याची शिदोरी लवकर संपते. लव्हाळ्यापुढे मात्र हात टेकावे लागतात. त्याचा अणकुचीदार कोंब प्लॅस्टिकलाही भोक पाडतो.

रोगांचे गणित वेगळे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की शिंतोड्यांबरोबर बुरशीचे बीजाणू टोमॅटोच्या खालच्या पानांवर जातात. पालापाचोळा हा मारा झेलतो. पण तोच ओला पाला खोडाला चिकटवून ठेवला, तर खोडकूज करणाऱ्या स्क्लेरोशियमसारख्या बुरशीला घर मिळते. म्हणून खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि रोगट झाडाची पाने वापरू नयेत. पुण्यात दर उन्हाळ्यात झाडून पेटवली जाणारी निरोगी पाने पुरेशी आहेत. जाळायला २०१६च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, तरी सकाळी धूर दिसतो.

किंगची वात शाळेच्या बागेत तपासता येईल. मीटरभर लांबीरुंदीचे चार वाफे घ्या. एक तसाच सोडा. दुसऱ्यातले तण माती न हलवता जमिनीलगत कापत राहा. तिसरा खुरप्याने मोकळा करा. चौथ्यावर पाला पसरा. पाऊस थांबल्यावर दर आठवड्याला प्रत्येकातली अर्ध्या फुटाखालची मूठभर माती लगेच वजन करा, उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा वजन करा. निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या वाफ्यांच्या तुलनेत लागेल. माती काळी असेल तर भेगाही मोजा.