हुशार पर्सी, धूळपाटी आणि दहावीचा दाखला

दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की गावातल्या पत्रकाराला एक ठरावीक फोन येतो. "साहेब, पोराला वाचायला जड जातं. शाळेवाले म्हणतात डिस्लेक्सियाचा दाखला आणला तर जादा वेळ मिळतो. कुठं मिळतो तो?" पोरगं पंधरा वर्षांचं. म्हणजे नऊ-दहा वर्षं वर्गात बसलंय, वाचता येत नाही हे सगळ्यांना दिसतंय, आणि आठवण झाली ती परीक्षा तोंडावर आल्यावर. यात आईबापांचा दोष कमी आहे. या विषयाचा इतिहासच तसा आहे. पोस्ट लांब आहे, पण घरात पहिली-दुसरीतलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

७ नोव्हेंबर १८९६. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एक छोटा लेख छापला. हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड गावात दवाखाना चालवायचे. लेख होता पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलावर. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शाळा, शिकवण्या, सगळं झालं होतं. खेळात चपळ, डोक्यानं तल्लख. मोठमोठे आकडे वाचायचा, गुणाकार बिनचूक करायचा. पण साधे साधे शब्द वाचता येईनात आणि स्वतःचं नाव लिहितानासुद्धा अक्षरं मागेपुढे व्हायची. त्याच्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना जे कळलं, ते आपल्याकडे आजही "मठ्ठ आहे", "लक्ष नसतं" या दोन शब्दांत उडवून लावतात.

'डिस्लेक्सिया' हा शब्द त्याआधी नऊ वर्षं, १८८७ मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन डॉक्टरांनी काढला होता. ते डोळ्यांचे डॉक्टर. पुढं ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवूड यांनी या मुलांवर वीसेक वर्षं काम केलं, तेही डोळ्यांचेच सर्जन. वाचता येत नाही म्हटल्यावर लोक मुलाला घेऊन आधी डोळेवाल्याकडंच जायचे ना! आपल्याकडेही पहिली फेरी चष्म्याच्या दुकानात असते. नंबर असेल तर चष्मा लावाच, पण चष्म्यानं डिस्लेक्सिया जात नाही. डोळे शाबूत असूनही मूल अडतं, हे या डोळ्यांच्या डॉक्टरांनीच आधी ओळखलं.

हिन्शेलवूड यांचं पुस्तक १९१७ साली आलं. त्यात त्यांनी सांगितलेला उपाय आजही जुना वाटत नाही: अशा मुलाला गर्दीत नको, एकट्याला शिकवा, आणि धडा छोटा ठेवून तो पुन्हा पुन्हा घ्या. पुढं अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये मांडलं की मेंदूत अक्षरांच्या आरशासारख्या उलट्या प्रतिमा तयार होतात, म्हणून घोटाळा होतो. हा सिद्धांत पुढं टिकला नाही. (तरी "अक्षरं उलटी दिसतात" हे आजही सगळे छातीठोक सांगतात.) टिकली ती त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी बसवलेली शिकवण्याची पद्धत: अक्षर डोळ्यानं बघायचं, तोंडानं म्हणायचं, कानानं ऐकायचं, हातानं गिरवायचं, सगळं एकाच वेळी. लॉस एंजेलिसच्या ग्रेस फर्नाल्ड तर मोठ्ठा शब्द लिहून मुलाला त्यावरून बोट फिरवायला लावायच्या, मोठ्यानं म्हणत म्हणत.

हे वाचून आपल्या आजोबा-पणजोबांना धूळपाटी आठवली असती. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटानं धुळाक्षरं काढायची. आता लगेच "आमच्याकडं सगळं आधीच होतं" असा मेसेज फॉरवर्ड करू नका. धूळपाटी होती कारण कागद महाग होता. ज्याला जमत नसे त्याला पंतोजींची छडी मिळायची, आणि गावातल्या बहुतेक मुलींना, कितीतरी जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जागाच नव्हती. पण साधन म्हणून ती चीज उत्तम आहे. ताटात रवा पसरा, लेकराचं बोट धरा, 'क' म्हणत 'क' काढा. शून्य रुपये खर्च.

खरा उलगडा मात्र बराच उशिरा झाला. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापला. काही लहान मुलांना त्यांनी दोन वर्षांत ४० वेळा बसवून शब्दांतले आवाज ओळखायला शिकवलं. ज्यांना आवाजाबरोबर अक्षरंही जोडून दाखवली, ती मुलं पुढं वाचनात सरस निघाली. म्हणजे अडचण बहुतेक वेळा नजरेत नसते. शब्द आवाजांत फोडता येत नाही, तिथं मूल अडकतं.

आता हे घरी कसं करायचं? पुस्तक उघडायच्या आधी भेंड्या खेळा. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? 'मळ'. 'पाणी'शी जुळणारे शब्द? 'गाणी', 'राणी'. पोळ्या लाटता लाटता होतं हे. मग रव्याचं ताट, मग कानामात्रा नसलेले शब्द: घर, नख, बदक. घाई करू नका, कारण आपली लिपीही या मुलांची परीक्षा बघते. 'दिवा'मध्ये तोंड आधी 'द' म्हणतं, पण कागदावर वेलांटी आधी उभी. 'सूर्य'मधला 'र' ऐकू येतो 'य'च्या आधी आणि बसतो त्याच्या डोक्यावर. ही वेलांटीची अडचण मोठ्यांनाही कळली होती. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर लिहावी असा ठराव झाला होता, पण तो चालला नाही. तेव्हा एकेका वेलांटीला दोन-दोन आठवडे द्या. 'घ-ध', 'भ-म' एकाच दिवशी शिकवू नका. रोज दहा-पंधरा मिनिटं बास, आणि जमलेल्या शब्दावर थांबा. पाहुण्यांसमोर वाचायला लावू नका. गोष्टी मात्र तुम्ही वाचून दाखवत राहा, नाहीतर वाचन अडलं म्हणून ज्ञानही अडेल.

सरकारचं काय? महाराष्ट्रानं १९९६ मध्ये अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, देशात पुढाकार घेऊन. चांगलंच झालं. 'तारे जमीन पर' २००७ ला आला आणि शब्द घरोघरी पोचला. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' ही तपासणी काढली, ती मराठीतही आहे. पण आपल्या तालुक्यापर्यंत झिरपलं ते फक्त सवलतीचं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका माफ. ज्याला वाचताच येत नाही त्याला जादा वेळ देऊन तो करणार काय?

आणि कायदा तर वेगळंच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण २१ प्रकारांत आली. त्याच्या कलम १६ नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांत अशी मुलं शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्यात योग्य तो बदल व्हायला हवा. दाखल्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात, म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत लेखी विचारा: यंदा पहिली-दुसरीतली किती मुलं तपासली, कुणी तपासली, पुढं काय केलं? अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.