रक्त शुद्ध झाले, रक्तवाहिन्यांचे काय?

मूत्रपिंडे निकामी झाली की मृत्यू अटळ, हे वैद्यकाने शतकानुशतके मान्य केले होते. त्या समजुतीला पहिला तडा गेला नेदरलँड्समधील कांपेन या लहानशा गावी, तोही जर्मन अंमलाच्या काळात. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली, पिंप क्षारांच्या पाण्यात फिरते ठेवले आणि रुग्णाचे रक्त त्या नळीतून खेळवले. १९४३ पासून उपचार घेतलेले जवळजवळ सारे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये मात्र ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली.

तरीही हा उपाय तात्पुरत्या आजारापुरताच राहिला, कारण प्रत्येक वेळी रुग्णाची नवी रक्तवाहिनी खर्ची पडे. १९६० मध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी धमनी व शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी हातावर कायम ठेवण्याची युक्ती काढली. क्लाइड शील्ड्स हे या उपचाराचे पहिले रुग्ण. १९६६ मध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमनी थेट शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आजही डायलिसिसचा मोठा आधार तीच आहे.

यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, तेव्हा जगावे कोणी? सिएटलमध्ये हा निर्णय सात जणांच्या समितीकडे सोपवला गेला. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, गृहिणी, कामगार नेता असे नागरिक होते. उमेदवाराचा संसार, नोकरी, समाजातील उपयुक्तता हे सारे तेथे तोलले जाई. १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने ही हकिकत छापली आणि देशभर वाद उसळला. १९७२ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने बहुतेक रुग्णांचा खर्च उचलला आणि निवडीचा हा प्रश्न तेथे मागे पडला.

मग दुसरे सत्य पुढे आले. शील्ड्स निवर्तले, ते हृदयविकाराने. १९७४ मध्ये सिएटलच्याच लिंडनर प्रभृतींनी दाखवून दिले की, दीर्घकाळ डायलिसिसवर असणाऱ्यांत धमन्यांचा विकार विलक्षण वेगाने वाढतो. यंत्र रक्त गाळते, रक्तवाहिन्या मात्र झिजतच राहतात.

म्हणूनच रक्ताभिसरणाच्या साध्या चाचणीला महत्त्व आले. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडातील रक्तदाबाने भागायचे, गुणोत्तर ०.९ हून कमी आले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजायचे. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी सुमारे हजार रुग्णांच्या पाहणीतून दाखवले की, असे गुणोत्तर असलेल्यांत मृत्यूचा धोका पुष्कळ अधिक असतो. फार मोठे गुणोत्तरही शुभ नव्हे. कॅल्शियम साचून कडक झालेली धमनी पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा फसवा येतो.

परंतु धोका कळणे आणि तो टळणे यांत अंतर आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचा डायलिसिसवरील मधुमेही रुग्णांना अपेक्षित लाभ झाला नाही. मग मोजायचे कशासाठी? पायावरची जखम वेळीच दिसावी, बोट कापण्याची पाळी टळावी, हृदयाची तपासणी लांबू नये, यासाठी.

ज्याचा आकडा वाईट त्याची खाट दुसऱ्याला, असा हिशेब जेथे सुरू होईल तेथे सिएटलची समितीच पुन्हा बसेल. फरक एवढाच की, तिच्यात माणसे नसतील, आकडे असतील. आपल्याकडे २०१६ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत जाऊ लागली. अशा वेळी हा इतिहास विसरून चालणार नाही.