चश्मे बद्दूर
चश्मे बद्दूर : दिल्लीत घडणारा हिंदी विनोदी प्रेमपट (१९८१). लेखन व दिग्दर्शन सई परांजपे, निर्माते गुल आनंद, छायालेखन वीरेंद्र सैनी, गीते इंदु जैन, संगीत राजकमल. शीर्षक फार्सी असून त्याचा अर्थ ‘वाईट नजर दूर राहो’, म्हणजे आपल्याकडचे ‘दृष्ट न लागो’.

कथानक : सिद्धार्थ (फारुख शेख), ओमी (राकेश बेदी) आणि जोमो (रवी बासवानी) एकाच भाड्याच्या जागेत राहतात. सिद्धार्थ अर्थशास्त्राचा अभ्यासू विद्यार्थी. उरलेल्या दोघांचे लक्ष पुस्तकांपेक्षा मुलींकडे. खोलीच्या भिंती नट्यांच्या चित्रांनी भरलेल्या, एकच सिगारेट तिघांत फिरते आणि पानवाले लल्लन मियाँ (सईद जाफरी) यांच्याकडची उधारी फुगत जाते. शेजारच्या नेहावर (दीप्ती नवल) ओमी व जोमो आळीपाळीने छाप पाडायला जातात, फजिती करून घेतात. मात्र खोलीवर परतल्यावर जिंकून आल्याच्या थापा ठोकतात. पुढे तीच नेहा ‘चमको’ या काल्पनिक धुण्याच्या पावडरीची विक्रेती म्हणून सिद्धार्थच्या दारात येते. मळका टॉवेल धुऊन दाखवता दाखवता ओळख होते. तालकटोरा बागेत कॉफी आणि टूटीफ्रूटी आइस्क्रीमच्या साक्षीने ती प्रेमात बदलते. आता मित्रांच्या जुन्या थापाच सिद्धार्थच्या मनात विष कालवतात. चूक निस्तरण्यासाठी नेहाच्या अपहरणाचे नाटक रचले जाते, पण नाटकात खरे गुंड शिरतात. शेवट अर्थातच गोड.

स्थळ : तिघांचे बिऱ्हाड दिल्लीच्या ‘बरसाती’ संस्कृतीतले. बरसाती म्हणजे घराच्या गच्चीवरची खोली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना अवचित पाऊस आल्यास आडोसा मिळावा, हा तिचा मूळ उपयोग. पुढे विद्यार्थी आणि सडेफटिंग नोकरदारांना ती भाड्याने दिली जाऊ लागली.

निर्मिती व वैशिष्ट्ये : पुण्याच्या परांजपे घराण्यातील सईंनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले आणि दिल्ली दूरदर्शनमध्ये काम केले. दूरदर्शनसाठी त्यांनी केलेल्या ‘धुआँ धुआँ’ या कलाकृतीत या चित्रपटाचे बीज आहे. त्यांचा आधीचा ‘स्पर्श’ (१९८०) हाही दिल्लीतलाच, पण गंभीर प्रकृतीचा. येथील विनोदाचा गाभा घडलेल्या आणि सांगितलेल्या गोष्टींतील तफावतीत आहे : प्रेक्षकाने फजिती डोळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे पाठोपाठ येणारी बढाई ऐकताना हसू फुटते. या बढाया रंगवताना हिंदी चित्रपटांतील ठोकळेबाज प्रेमप्रसंगांचे विडंबन साधले आहे. त्याला अमिताभ बच्चन व रेखा यांच्या छोट्या पाहुण्या भूमिकांची जोड मिळते. येसुदास आणि हैमंती शुक्ला यांची रागदारी वळणाची गाणीही लोकप्रिय झाली. फारुख शेख व दीप्ती नवल ही जोडी सईंच्याच ‘कथा’त (१९८३) पुन्हा दिसली. श. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरील त्या चित्रपटात बरसातीची जागा चाळीने घेतली.

पुनर्भेट : डेव्हिड धवन यांनी केलेली नवी आवृत्ती ५ एप्रिल २०१३ रोजी आली, तिने कथा दिल्लीतून गोव्यात नेली. त्याच दिवशी मूळ चित्रपटाची जीर्णोद्धारित प्रतही चित्रपटगृहांत झळकली आणि बत्तीस वर्षांनी जुनी बरसाती नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा उघडली.